झाकायोचं खाकरणं

माझा भाऊ झाकायो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी आई त्याला शेळ्या राखायला पाठवायची आणि संध्याकाळी शेळ्याच त्याला राखून घरी आणायच्या. हा कुठेतरी झाडाखाली मुंग्यांची रांग बघत बसलेला असायचा. शेळ्या कंटाळून घराकडे निघाल्या की हा त्यांच्या मागे. आई म्हणायची, "देवाने याला पाय दिले आणि घाई द्यायची विसरला." याच गुणावर पोराला पुढे सरकारी नोकरी लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर तिने त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मी फेबे. बारा वर्षं झाली, ब्विंडीच्या, म्हणजे गोरिलांच्या जंगलाच्या फाटकावर हमाली करते. गोऱ्या पाहुण्यांच्या पाठपिशव्या वाहायच्या, चढावर त्यांना हाताला धरून ओढायचं, उतारावर मागून धरायचं, आणि चिखलात बसकण मारली तर हसायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. बाईमाणूस ओझं उचलतंय म्हणून पाहुण्यांना वाईट वाटतं. मी म्हणते, "वाईट वाटून घेऊ नका, पिशवीतलं पाणी पिऊन टाका, ओझं कमी होईल."

झाकायो त्याच जंगलात माग काढायचा. आम्ही फाटकावर चहा पीत असायचो तेव्हा तो आणि त्याचे दोन सोबती दोन डोंगर ओलांडून गेलेले असायचे. काल गोरिला जिथे झोपले ती पाल्याची घरटी शोधायची, तिथून मोडलेले देठ, ओली लीद, दाबलं गेलेलं गवत बघत बघत कुटुंब गाठायचं आणि वायरलेसवर कळवायचं. मग आम्ही आठ पाहुण्यांना घेऊन निघायचो. एक तास बघायचं, दहा पावलांच्या आत जायचं नाही, आणि परत. पाहुण्यांचे आभार वाटाड्याला मिळायचे, माग काढणारे मागे झुडपात उभे असायचे. इतक्या वर्षांत झाकायोचा म्हणून एकच फोटो निघाला. एका बाईने नंतर टपालाने पाठवला. त्यात गोरिलाचं पिल्लू होतं आणि कडेला याचं कोपर. तो फोटो त्याने घरात लावला. म्हणायचा, "माझं कोपर अमेरिका बघून आलं."

त्याचं खरं काम मात्र कुठल्याच फोटोत येण्यासारखं नव्हतं. रानातल्या गोरिलांसमोर पाहुणे असे थेट नेता येत नाहीत. आधी कुणीतरी रोज जाऊन त्यांच्याजवळ बसावं लागतं, महिनोन् महिने, त्यांना माणसाची सवय होईपर्यंत. कारेमाच्या कुटुंबाला माणसाळवायला अडीच वर्षं लागली. कारेमा म्हणजे त्या कुटुंबाचा कर्ता, रुपेरी पाठीचा नर. हे नाव झाकायोनेच ठेवलं. कारेमा म्हणजे हट्टी, कुणाच्या हाताला न लागणारा.

सुरुवातीला तो रोज अंगावर यायचा. झाडं मोडत, छाती बडवत, ओरडत यायचा आणि हातभर अंतरावर थांबायचा. पळायचं नाही हा नियम. खाली बसायचं, मान झुकवायची, नजर जमिनीवर ठेवायची, आणि हाताला येईल तो पाला तोडून खाल्ल्यासारखं करायचं. पाच जण लागले होते या कामाला, त्यातले दोघं पहिल्या महिन्यातच घरी बसले. पहिल्या दिवशी झाकायो संध्याकाळी घरी आला आणि स्वतःची पँट स्वतः धुवायला बसला. वहिनी मला म्हणाली, "फेबे, आज तुझ्या भावाला काय झालं गं? कधी नव्हे ते कपडे धुतोय."

मी म्हटलं, "वहिनी, विचारू नका, वास घ्या."

दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण तिसऱ्या दिवशीही जंगलात गेला, चौथ्या दिवशीही. घाई नसलेला माणूस. मुंग्या बघत बसायचा तसा कारेमासमोर बसून राहिला.

आणि तो खाकरायला शिकला. घरातलं वडीलधारं माणूस अंगणात शिरताना घसा साफ करतं ना, आतल्या लेकीसुनांना कळावं म्हणून? गोरिला तसंच करतात. एकाने दाट झाडीतून खाकरायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. अर्थ एवढाच, की मी आहे, आपलाच आहे, खात बसा. घशातून, तोंड मिटून, दोनदा. सगळे माग काढणारे ते करतात, पण झाकायोचं निराळं होतं. त्याचे सोबतीच सांगायचे, की आम्ही खाकरलो तर कारेमा नुसता कान देतो, झाकायो खाकरला तर उत्तर देतो. ते उत्तर पहिल्यांदा मिळालं त्या दिवशी हा माणूस घरी आला आणि चुलीपाशी बसून रडला. वहिनीला वाटलं कुणीतरी गेलं.

मला तेव्हा या सगळ्याचं हसू यायचं. खोटं कशाला बोलू, राग पण यायचा. कारण माणसाळलेले गोरिला जंगलाची हद्द मानत नाहीत. त्यांची भीती गेली की ती सगळ्यांसाठीच जाते. एका सकाळी मी मागच्या दारी गेले, तर कारेमा माझ्या केळीच्या बागेत मांडी घालून बसला होता आणि केळीचा बुंधा उभा चिरून आतला गाभा खात होता. त्याच्या बायका दुसऱ्या ओळीत, पोरं तिसऱ्या ओळीत. माझा नवरा एरास्टो हातात कुदळ घेऊन बांधावर उभा होता. ना पुढे जाता येत होतं ना मागे. तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि एरास्टोच्या तोंडातून शब्द न फुटणं ही आमच्या डोंगरावर नवलाची गोष्ट होती.

मी पोराला पाठवून झाकायोला बोलावलं. शेजारचे डबे आणि घंटा घेऊन आले होते, त्यांना त्याने हातानेच थांबवलं. बांधावर खाली बसला, खाकरला. बागेतून उत्तर आलं. अर्ध्या तासाने कारेमा उठला आणि सगळं कुटुंब घेऊन जंगलात शिरला.

"तू त्यांना जा म्हणालास?" मी विचारलं.

"मी कोण जा म्हणणारा? मी फक्त सांगितलं की मी आहे. त्यांचं पोट भरलं, ते गेले."

"माझी अकरा झाडं खाऊन पोट भरलं."

"बाग कुणाची हे त्यांनी नाही विचारलं, फेबे."

एरास्टोला मात्र ते फार लागलं. सगळ्यांसमोर तो गारठला होता आणि मेव्हण्याने नुसतं खाकरून काम केलं होतं. रात्रभर कूस बदलत होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मेव्हण्याला सांग, मला ते शिकव."

झाकायो नाही म्हणाला. जंगलाच्या वॉर्डनसाहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं. हा आवाज कामासाठी आहे, गावात करून दाखवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. घराची किल्ली आपण वाटत फिरतो का, असं साहेबांनी विचारलं होतं. झाकायो साहेबांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

मीच मागे लागले. हे मला लपवायचं नाही. मी म्हटलं, "दादा, साहेब राहतात पक्क्या घरात. माझी बाग जंगलाला लागून आहे. पोरं तिथे खेळतात. उद्या तो अंगावर आला तर तुझ्या किल्लीची मी पूजा करू? पाहुण्यांना जपतोस, बहिणीला नाही."

त्या वर्षी ज्वारी चांगली आली होती. मी ज्वारीची दारू गाळली, मोठं मडकं अंगणात ठेवलं, आणि डोंगरावरचे सात-आठ पुरुष दारू ओढायच्या लांब नळ्या घेऊन मडक्याभोवती बसले. झाकायो एरवी एका कोपऱ्यात बसून पिणारा. लोक शेत, पोरी, निवडणूक यावर बोलायचे आणि तो मडक्याकडे बघायचा. त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "झाकायो, तुझ्या साहेबाची एक नक्कल कर ना." त्याने नळी बाजूला ठेवली. वॉर्डनसाहेबांची नक्कल केली. मग पाहुण्यांची केली, गोरिला समोर आल्यावर कॅमेऱ्याचं झाकण काढायला विसरणारा पाहुणा, आणि खाजकुइली दिसली की 'सुंदर, सुंदर' म्हणत तिला मिठी मारणारी बाई. लोक हसून लोळले. माझ्या भावाकडे इतकी माणसं एकदम बघतायत हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्याचे डोळे चमकत होते. मी मागून ओरडले, "आता कारेमा कर."

त्याने कारेमा केला. आणि मग शिकवायलाही बसला.

"दाजी, गुडघ्यांवर या. उभं नाही राहायचं. आता डोळे खाली. अजून खाली. बायको विचारते 'कुठे होतात इतका वेळ', तेव्हा घालता तसे."

"तेव्हा तो डोळे मिटतो," मी म्हटलं.

"आता देठ सोला. खाल्ल्यासारखं करा. सोललेलं खाली टाका, फेकू नका. हां. आणि आता घशातून. तोंड बंद."

एरास्टोचा पहिला आवाज शेळीसारखा आला, दुसरा पाद्र्यासारखा. तिसऱ्यांदा सगळे गप्प झाले. अगदी झाकायोचाच आवाज. झाकायोने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "दाजी, तुमचं तर माझ्याहून गोड आहे." मडकं रिकामं होईपर्यंत ते दोघं एकमेकांना खाकरून उत्तरं देत होते. मी हसत होते. त्या संध्याकाळी माझा नवरा आणि माझा भाऊ मला सारखेच आवडले होते.

आता जे सांगायचं ते माझ्याही अंगावर येतं. एरास्टो जंगलात शिकारीला जायचा. रोज नाही, महिन्यातून एकदा. त्याचा बाप जायचा, आजा जायचा, तेव्हा जंगलाला फाटक नव्हतं. वेलीच्या घेवड्याला काठ्या लागतात, म्हणून काठ्या आणायला जातो असं सांगायचं आणि काठ्यांच्या मोळीत भाला बांधायचा. बरोबर दोन कुत्री. लहानसं रानहरीण मिळालं तर मिळालं. मला ठाऊक होतं. मीच ते शिजवायची. झाकायो जेवायला आला तर ते ताटात वाढायची नाही, त्याला घेवडा आणि रताळी द्यायची.

पुढच्या वर्षी कोरड्या दिवसांत एरास्टो असाच गेला आणि दुपारीच परतला. एकच कुत्रा सोबत होता. म्हणाला, रानडुकराने दुसऱ्याला मारलं. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी काही विचारलं नाही. मूग गिळून गप्प बसणं ही आमच्या घराची जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठ पाहुण्यांच्या गटाबरोबर होते. अर्ध्या चढावर वाटाड्याच्या वायरलेसवर झाकायोच्या सोबत्याचा आवाज आला. वाटाडा ऐकत राहिला, मग पाहुण्यांना म्हणाला, आज मागे फिरायचंय. एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, "आज ते घरी नाहीत का?" मी म्हटलं, "नसतील." तेव्हा मला माहीत नव्हतं. कारेमा ओढ्याच्या काठी मरून पालथा पडला होता, बरगडीत भाल्याची जखम होती, आणि झाकायो त्याच्याजवळ बसला होता. उठायला तयार नव्हता.

डॉक्टरांनी तपासायला हवं म्हणून कारेमाला खाली आणायचं ठरलं. आमच्या डोंगरावर गाडी येत नाही. माणूस आजारी पडला की वेताच्या डोलीत घालून पुरुष खांद्यावरून रस्त्यापर्यंत नेतात. प्रत्येक घर त्या डोलीच्या मंडळात असतं, आणि आपली पाळी चुकवणाऱ्याच्या घरी कुणी विस्तव मागायलाही जात नाही. झाकायो डोली मागायला आला. डोलीचे प्रमुख, म्हातारे योसामू, दारातच म्हणाले, "माणसांची डोली आहे ही. माझी आई यात गेली. जनावराला नाही मिळायची."

झाकायो आवाज चढवणारा नव्हता. म्हणाला, "तुमच्या आईच्या वेळी पुढचा खांदा माझा होता, आजोबा. तुमची सगळी माणसं मी वाहिली. आज माझं एक वाहा."

योसामूंनी डोली दिली. एवढं मोठं धूड, सोळा पुरुष आळीपाळीने लागले. मी वाटेच्या कडेला उभी होते. पुढच्या दांड्याला एका बाजूला झाकायो होता, आणि दुसऱ्या बाजूला एरास्टो. पाळी होती त्याची, चुकवली असती तर लोकांनी विचारलं असतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. लोक म्हणाले, मेव्हण्याच्या दुःखाने कसा रडतोय बघा. मी त्याचे काल दोनदा धुतलेले हात बघितले आणि मला सगळं कळलं. घरी जाऊन मी घेवडा निवडत बसले.

झाकायो त्याच दुपारी वॉर्डनसाहेबांना घेऊन परत ओढ्यावर गेला. त्याला जमीन वाचता यायची. कुत्र्यांचे पंजे सगळ्यांना दिसले होते. त्याला आणखी दिसलं. कारेमापासून दहा पावलांवर दोन गुडघ्यांचे ठसे होते, खोल, बराच वेळ बसल्यासारखे. आणि त्यांच्या डाव्या हाताला सोललेल्या देठांची लहानशी रास. देठ फेकलेले नव्हते, खाली ठेवलेले होते. जंगलातला कुठलाही शिकारी गोरिलासमोर गुडघ्यांवर बसून देठ सोलत नाही. मारणारा आपल्याकडूनच शिकला आहे, हे त्याला तिथेच कळलं. आणि मडक्याभोवतीच्या माणसांत डावखुरा एकच होता, माझा नवरा.

त्याने साहेबांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. आपण शिकवलं, हे आधी सांगितलं. नाव नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजर आमच्या अंगणात आले. भाला काठ्यांच्या मोळीत मिळाला. एरास्टोने काही नाकारलं नाही, उलट सुटल्यासारखा दिसला. झाकायो कुंपणाबाहेर उभा होता. मी त्याच्यासमोर गेले आणि म्हटलं, "रात्री माझ्याकडे आला असतास तर?"

"आलो असतो तर तू मला गप्प बसवलं असतंस," तो म्हणाला.

"बसवलंच असतं. माझी पाच पोरं आहेत."

"म्हणून नाही आलो."

सात वर्षांची शिक्षा झाली. मी भावाशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये तो पुरुषांच्या बाजूला बसायचा आणि मी भिंतीकडे बघून गायची. वहिनीने निरोप पाठवले, रताळी पाठवली. मी रताळी ठेवून घेतली आणि निरोप परत पाठवले.

त्याचं काय चाललंय ते मला फाटकावर कळायचं. साहेबांनी त्याला कडक समज दिली पण कामावर ठेवलं, कारण कारेमाचं विखुरलेलं कुटुंब दुसऱ्या कुणाला सापडत नव्हतं. त्यालाही सापडायचं आणि हातातून जायचं. तो खाकरला की बायका पिल्लं उचलून किंचाळत पळायच्या. ज्या आवाजाला बारा वर्षं उत्तर यायचं, त्या आवाजाने रान रिकामं व्हायचं. त्या कुटुंबाकडे पाहुणे नेणं बंद झालं. झाकायो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, रोज जायचं, लांब बसायचं, न खाकरता. त्याचे सोबती म्हणायचे, तो दिवसभर एक शब्द बोलत नाही. मी म्हणायची, "बरं आहे. बोलला की कुणीतरी तुरुंगात जातं."

मी दोनदा एरास्टोला भेटायला गेले. दुसऱ्या भेटीत त्याने मला त्या दिवसाचं सांगितलं. तो हरणाच्या मागावर होता. झाडीतून बाहेर आला तर समोर कारेमा. पळावं असं मनात आलं, मग मेव्हण्याचं शिकवलेलं आठवलं. गुडघ्यांवर बसला, देठ सोलले, खाकरला.

"आणि फेबे, त्याने मला उत्तर दिलं," एरास्टो म्हणाला. "झाकायोला देतो तसंच. मग माझ्याकडे पाठ केली आणि खात बसला. मी म्हटलं, सुटलो. हळूच मागे सरकायचं आणि जायचं. तेवढ्यात कुत्री पिल्लावर धावली. तो वळला. तो कुत्र्यांवर गेला असेल, मला काय माहीत. मला तो माझ्यावरच आलेला दिसला." मग म्हणाला, "त्याने आधीच डरकाळी फोडली असती तर मी पळालो असतो. पळायचं मला येतंच."

ते मी पोटात ठेवलं. कुणालाच सांगितलं नाही.

एरास्टोला नेल्याला चौदा महिने झाले असतील. मी एकटी बटाटे काढत होते. झाकायो बांधावर येऊन उभा राहिला. मी वर बघितलं नाही. तो खाली उतरला, दुसरी कुदळ घेतली आणि शेजारच्या सरीत लागला. दोन सऱ्या आम्ही शेजारीशेजारी काढल्या. किती म्हातारा दिसत होता तो. मला वाटलं आता माफी मागेल, आणि मागितली तर काय म्हणायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

"ते परत जवळ येऊ द्यायला लागलेत मला," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात मी खाकरलो, तर धाकट्या मादीने उत्तर दिलं. हळू आवाजात. पण दिलं."

"अभिनंदन," मी म्हटलं. "माझ्या घरी अजून कुणी उत्तर देत नाही."

त्याने कुदळ सरीत टेकवली. मग म्हणाला, "फेबे, एक विचारायचं होतं. दाजींनी तुला सांगितलं असेल. बाकी सगळं मी जमिनीवर वाचलं. एवढं एक जमिनीवर उमटत नाही. दाजी खाकरले, तेव्हा त्याने उत्तर दिलं होतं का?"

मला कळलं तो काय विचारतोय. चौदा महिने तो हेच घेऊन फिरत होता. कारेमाने ओळखलं होतं की हा परका आहे, म्हणून तो अंगावर आला, असं असेल तर ती माणसाची आणि रानाची जुनी मारामारी होती, आणि तीत झाकायोचा दोष थोडा होता. त्याला एवढंच हवं होतं. नाही, असं मी म्हणावं. त्याची मान त्या एका शब्दासाठी माझ्याकडे झुकलेली होती.

आणि माझ्या डोळ्यांसमोर आलं कुंपण, रेंजर, पोरांचं रडणं, आणि कुंपणाबाहेर उभा असलेला हा. माझं डोकं फिरलं.

"दिलं," मी म्हटलं. "तुला देतो तसंच दिलं. मग पाठ करून खात बसला. डरकाळी फोडली असती तर माझा नवरा पळून आला असता, दोघंही आज आपापल्या घरी असते. तुझी ती किल्ली लागली, झाकायो. चांगली बसली."

राहिलेली अर्धी सरी त्याने काढून दिली, एकेक बटाटा माती झाडून टोपलीत ठेवला. मग कुदळ जागेवर ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फाटकावर येऊन रेनकोट, कोयता आणि वायरलेस साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी समजावलं, सोबत्यांनी हाताला धरलं. कुटुंब परत विश्वास ठेवायला लागलंय, आत्ताच कसा सोडतोस, असं सगळे विचारत होते. मी तिथेच होते, पाहुण्याच्या पिशवीचा पट्टा आवळत होते. तो म्हणाला, "विश्वास ठेवायला लागलेत म्हणूनच."

आता तो बटाटे लावतो. नवी माणसं त्याला विचारायला येतात, तो त्यांना चहा देतो आणि पावसाबद्दल बोलतो. ते कुटुंब जंगलाच्या आतल्या भागात निघून गेलं, त्यांच्याकडे पाहुणे जात नाहीत. काही लोक म्हणतात ते बरंच झालं, असेलही. माझा भाऊ मात्र संध्याकाळी घराच्या मागे दगडावर बसतो, जंगलाकडे पाठ करून. मी त्याच्याकडे जाते, आम्ही बोलतो, पोरांचं, पिकाचं. तो माझ्यावर कधी रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

शिकारीच्या मांसाबद्दल मी रेंजरांशी खोटं बोलले होते. पाद्र्याशी बोलले होते, स्वतःच्या पोरांशी बोलले होते, झाकायोला घेवडा वाढताना त्याच्याशीही वर्षानुवर्षं बोलले होते, आणि कधी जीभ अडखळली नव्हती. त्या दिवशी बटाट्याच्या शेतात त्याला एकच खोटा शब्द हवा होता, आणि मी त्याला खरं सांगितलं.